बाजू न घेणाऱ्या तरुणांना पळपुटे म्हणू नये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या शहरात झालेल्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेचे वृत्त आपल्या दैनिकाच्या सोलापूर आवृत्तीत प्रसिद्ध झाले होते. ‘युद्धकाळात तरुणाने बाजू घेतलीच पाहिजे’ असा विषय होता आणि श्रोत्यांमध्ये मीही होते. विषयाच्या विरोधात बोलणाऱ्या एका विद्यार्थिनीने अतिशय शांतपणे असे म्हटले, की ज्याने दोन्हीकडून अन्याय सोसला आहे त्याला दोन्हीकडे पाठ फिरवण्याचा अधिकार असला पाहिजे. समारोपाच्या भाषणात एका परीक्षकांनी तिचा उल्लेख करून ‘तटस्थता हे पळपुटेपणाचे सभ्य नाव आहे’ असे विधान केले आणि सभागृहात टाळ्या झाल्या. आपल्या वृत्तात परीक्षकांचे ते वाक्य ठळक अक्षरांत आले, मुलीचे म्हणणे मात्र आले नाही. मी माध्यमिक शाळेत अनेक वर्षे इतिहास शिकवला आहे आणि तिचे म्हणणे इतिहासाला धरून होते असे माझे ठाम मत आहे. ते मत सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे; दीर्घ झाले तरी छापावे अशी विनंती.

परीक्षकांनी आपल्या विधानाच्या समर्थनार्थ सोलापूरचाच दाखला दिला होता, म्हणून आधी त्याविषयी लिहिते. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर आपल्या गावात जो उद्रेक झाला, गोळीबार झाला आणि त्यानंतर १२ मेपासून जूनअखेरपर्यंत जो मार्शल लॉ लागला, तो काळ खरोखर कोणत्याही सोलापूरकराने विसरू नये असा आहे. युद्ध नसताना युद्धाचा कायदा एका गिरणगावावर लादला गेला, झेंडा लावण्यासारख्या गोष्टींवरून शिक्षा झाल्या, आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. हे पाहिलेल्या पिढीतल्या तरुणाला ‘मी कोणत्याच बाजूचा नाही’ असे वाटणे जवळपास अशक्य होते, कारण अन्याय करणारी सत्ता एकच होती आणि ती समोर उभी होती.

डॉ. द्वारकानाथ कोटणीसही आपलेच. १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मलेला हा तरुण १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेला, माओंच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिला, कॅनडाचे डॉक्टर बेथून यांच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचा प्रमुख झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिकडेच वारला. कोटणिसांनी बाजू घेतली यात शंका नाही आणि ती योग्यच होती. जपानने चीनवर आक्रमण केले होते. कोण कोणाच्या घरात शिरले आहे हे सांगायला पंचांची गरज नव्हती. अन्याय एकाच दिशेने येतो तेव्हा सद्सद्विवेक असलेला तरुण त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन उभा राहतो, एवढेच हे दाखले सिद्ध करतात. अन्याय दोन्ही दिशांनी आला तर काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांतून मिळत नाही, आणि त्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका तोच होता.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर मला कोरियाच्या युद्धाइतके बोलके उदाहरण दुसरे माहीत नाही. आपल्याकडे ते फारसे शिकवले जात नाही, वास्तविक त्याच्याशी भारताचा आणि एका मराठी सेनानीचा निकटचा संबंध आहे.

१९४५ मध्ये ३८ अंश अक्षांशाची रेघ ओढून एका देशाचे दोन भाग झाले आणि १९४८ मध्ये त्यांची दोन सरकारे झाली. २५ जून १९५० रोजी कम्युनिस्ट उत्तरेच्या फौजा दक्षिणेत शिरल्या. त्या वेळी दक्षिणेच्या राजधानीत, सेऊलमध्ये राहणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या एखाद्या कॉलेजकुमाराच्या जागी आपण क्षणभर स्वतःला ठेवून पाहावे. सरकार रेडिओवरून लोकांना घाबरू नका असे सांगत होते आणि राष्ट्राध्यक्ष ऱ्ही स्वतः शहर सोडून गेलेले होते. २८ जूनच्या पहाटे हान नदीवरचा पूल दक्षिणेच्याच लष्कराने उडवला. पुलावर त्या वेळी पळून जाणारी माणसे होती. त्यांत शेकडो मेली आणि उरलेले शहर नदीच्या अलीकडे अडकले. पूल उडवण्याचा आदेश पाळणाऱ्या अभियंता अधिकाऱ्याला त्याच सप्टेंबरात मृत्युदंड देण्यात आला आणि १९६४ मध्ये तो निर्दोष ठरला, तोपर्यंत अर्थातच उशीर झालेला होता. अडकलेल्या शहरातल्या तरुणांना उत्तरेच्या राजवटीने ‘स्वयंसेवक’ म्हणून सैन्यात ओढले. सप्टेंबरअखेर दक्षिणेच्या मदतीला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या फौजांनी सेऊल परत घेतले, तेव्हा पुलापलीकडे वेळेत निसटलेले लोक परत आले आणि मागे राहिलेल्यांना शत्रूचे हस्तक ठरवू लागले. ४ जानेवारी १९५१ रोजी शहर पुन्हा उत्तरेच्या आणि तिच्या मदतीला आलेल्या चीनच्या ताब्यात गेले, मार्चमध्ये ते परत दक्षिणेकडे आले. नऊ महिन्यांत चार वेळा सत्ता बदलली आणि प्रत्येक नव्या सत्तेने पहिला प्रश्न तोच विचारला, की तू कोणाचा?

तेजोन या शहराची हकिकत तर याहून भयंकर आहे. जुलै १९५० मध्ये माघार घेण्यापूर्वी दक्षिणेच्या पोलिसांनी आणि लष्कराने तिथल्या तुरुंगातले राजकीय कैदी आणि डावे असल्याचा नुसता संशय असलेले लोक हजारोंच्या संख्येने ठार मारले. सप्टेंबरात उत्तरेच्या फौजांवर माघारीची वेळ आली तेव्हा त्यांनी त्याच शहरात आपल्या ताब्यातल्या कैद्यांची तीच गत केली. दक्षिणेतल्या हत्यांविषयी तिथल्या कुटुंबांना अनेक दशके उघड बोलताही येत नव्हते. २००५ मध्ये दक्षिण कोरियाने सत्यशोधन आयोग नेमला, त्यानंतर अधिकृत नोंदी होऊ लागल्या. ज्या मुलाचा बाप जुलैमध्ये मारला गेला आणि मामा सप्टेंबरात, त्याने कोणता झेंडा हातात घ्यायचा होता, हे मला त्या परीक्षकांना आदरपूर्वक विचारायचे आहे.

पकडले गेलेल्यांची कथा तिथेही संपली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातले बहुसंख्य युद्धकैदी कोजे नावाच्या बेटावर ठेवलेले होते, एका काळी त्यांची संख्या दीड लाखाच्या आसपास होती. तारेच्या कुंपणाआड त्या कैद्यांचे दोन तट पडले. कम्युनिस्टांच्या बराकीत विरोधकांवर ‘लोकन्यायालये’ चालत आणि कम्युनिस्टविरोधी बराकीत मायदेशी परतू इच्छिणाऱ्यांना मारझोड होई. चिनी कैद्यांच्या अंगावर कम्युनिस्टविरोधी घोषणा गोंदण्यात येत, म्हणजे परत जाण्याची वाटच बंद व्हावी. मे १९५२ मध्ये तर छावणीच्या प्रमुखपदी असलेल्या अमेरिकन ब्रिगेडियर जनरललाच कैद्यांनी पकडून ठेवले होते. कोणाला सक्तीने परत पाठवायचे की नाही, या एका मुद्द्यावर तहाची बोलणी वर्षाहून अधिक काळ अडली आणि त्या काळात आघाडीवर माणसे मरतच राहिली.

२७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम झाला. परत न जाऊ इच्छिणाऱ्या कैद्यांसाठी तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग नेमला गेला. त्यात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत होते. अध्यक्षपद भारताकडे, जनरल थिमय्यांकडे होते आणि कैद्यांची प्रत्यक्ष राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. भारतीय जवानांचे पाऊल दक्षिण कोरियाच्या भूमीवर पडू नये असा हट्ट ऱ्ही यांच्या सरकारने धरल्यामुळे हे हजारो जवान जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आले. उत्तरेला ते भांडवलदारांचे हस्तक वाटत होते, दक्षिणेला कम्युनिस्टांचे. दोन्हीकडून शिव्या खात त्यांनी बावीस हजारांहून अधिक कैदी सांभाळले. एकदा कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला आत अडकवून ठेवले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि गोळी न झाडता त्याला सोडवून आणले. तटस्थ माणसाला धैर्य लागत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ही घटना एकदा तपशिलाने वाचावी.

त्या बावीस हजारांतल्या फार मोठ्या गटाने कम्युनिस्टविरोधी चिनी सरकारचे तैवान किंवा दक्षिण कोरिया निवडला, काहीजण मायदेशी परतले. परंतु अठ्ठ्याऐंशी जण असे निघाले, की त्यांनी उत्तर कोरिया नको, दक्षिण कोरिया नको, चीन नको आणि तैवानही नको असे सांगितले. त्यांत ७६ कोरियन होते आणि १२ चिनी. फेब्रुवारी १९५४ मध्ये भारतीय दलाबरोबर ते जहाजाने मद्रासला उतरले. काही वर्षांनी त्यांतले बरेचसे ब्राझीलला, काही अर्जेंटिनाला गेले. थोडे भारतातच राहिले. त्यांना मी संत ठरवू इच्छित नाही. कोणाला शिकायचे होते, कोणाला अमेरिकेच्या बाजूला कुठेतरी पोहोचायचे होते, कोणाला नुसते जिवंत राहायचे होते. पण प्रत्येकाने जे सोडले त्याची किंमत विचारात घ्यावी. आई-वडील, भाषा, गाव, लग्नाची शक्यता, मेल्यावर आपल्या माणसांच्या खांद्यावरून जाण्याचा हक्क, हे सगळे त्यांनी सोडले. आणि त्या बदल्यात त्यांना मिळाला एक असा देश, की जिथे कोणी त्यांना ‘तू कोणाचा’ असे विचारणार नव्हते. पळपुटा माणूस सोपी वाट धरतो. या मुलांपुढची सोपी वाट होती बहुसंख्यांबरोबर घोषणा देत तैवानच्या किंवा दक्षिणेच्या ट्रकमध्ये चढण्याची.

आपल्या संस्कृतीला ही भूमिका परकी आहे असेही नाही. महाभारतात बलराम युद्धात उतरला नाही, तीर्थयात्रेला निघून गेला. भीम आणि दुर्योधन दोघेही त्याचे शिष्य होते. त्याला आजवर कोणत्याही कीर्तनकाराने भेकड म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आणि तोच बलराम परतल्यावर गदायुद्धात भीमाने नियम मोडून मांडीवर प्रहार केला, तेव्हा संतापून नांगर उचलून धावला होता. बाजू घेतली नाही म्हणून त्याने अधर्माकडे डोळेझाक केली नाही, उलट ज्यांच्या विजयाचे त्याला सुख वाटायला हवे होते त्यांच्याच चुकीवर बोट ठेवले.

इथे मला एक मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा गैरवापर होईल. अन्याय सोसून आलेली तटस्थता वेगळी, आणि मोबाइलवर युद्धाची दृश्ये पाहून ‘दोन्हीकडचे सारखेच’ असे म्हणत पुढच्या चित्रफितीकडे सरकणे वेगळे. पहिलीला अधिकार आहे, दुसरीला नाही. रुग्णालयावर पडलेला बॉम्ब कोणी टाकला हे ठाऊक असूनही न सांगणे याला मी तटस्थता म्हणणार नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने ऑक्टोबर १९४२ मध्ये नाझींच्या अत्याचारांविषयी जाहीर निवेदन काढायचे नाही असे ठरवले. पुढे त्या संस्थेने स्वतःच ते आपले मोठे अपयश मानले. दोन्हीकडच्या जखमींना पाणी देण्यासाठी तटस्थ राहावे लागते हे खरे, पण सत्याच्या बाबतीत तटस्थ राहता येत नाही. त्या विद्यार्थिनीने हा भेद आपल्या भाषणात केला होता, हे मी प्रत्यक्ष ऐकले आहे.

आता आपल्या काळाकडे आणि आपल्या घरांकडे येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा वैद्यकीय शिक्षणासाठी तिकडे गेलेली हजारो भारतीय मुले अडकली. माझ्या एका माजी विद्यार्थ्याचा मुलगा त्यांत होता. खारकीवच्या तळघरात त्याने डोक्यावर पडणाऱ्या तोफगोळ्यांचे आवाज ऐकले आणि पश्चिमेच्या सीमेकडे जाताना गणवेशातल्या माणसांनी ‘आधी आमचे लोक’ म्हणून त्याला गाडीतून खाली ढकलले. आक्रमण कोणी केले हे तो निःसंदिग्धपणे सांगतो, ते त्याने कधीही झाकलेले नाही. परंतु कोणाच्या विजयासाठी टाळ्या वाजव असे म्हटले, तर तो उठून जातो. नातेवाइकांना हे विचित्र वाटते. मला त्यात विचित्र काही वाटत नाही.

त्याच मार्चच्या २ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या निषेधाचा ठराव १४१ विरुद्ध ५ मतांनी संमत झाला आणि मतदानापासून दूर राहिलेल्या ३५ देशांत भारत होता. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. परंतु राष्ट्र दूर राहिले की आपण त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो, परिपक्वता म्हणतो, आणि वीस वर्षांची मुलगी व्यासपीठावरून तेच म्हणाली की पळपुटेपणा म्हणतो, ही विसंगती एखाद्या परीक्षकाच्या तरी लक्षात यायला हवी होती.

आणखी एक गोष्ट मी नाइलाजाने लिहिते, कारण ती आपल्या देशाची आहे. कोटणीस चीनमध्ये वारले त्याला वीस वर्षे होत असतानाच १९६२ चे युद्ध झाले, आणि त्यानंतर आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या भागांत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार लोकांना घरातून उचलून राजस्थानातल्या देवळी येथील छावणीत नेण्यात आले. त्यांत शाळकरी मुले होती, म्हाताऱ्या बायका होत्या. काहींची सुटका १९६७ पर्यंत झाली नाही. खटला नाही, आरोप नाही, केवळ चेहरा आणि आडनाव. त्या छावणीत वाढलेल्या एखाद्या मुलाने पुढे आयुष्यभर ‘मला तुमच्या आणि त्यांच्या भांडणात ओढू नका’ असे म्हटले असेल, तर ती त्याची कृतघ्नता नव्हे. ज्या राष्ट्राने त्याला आपला म्हणायचे नाकारले, त्या राष्ट्राने त्याच्याकडून निष्ठेचा जयघोष मागू नये. सोलापूरच्या कोटणिसांचा आपल्याला जेवढा अभिमान आहे, तेवढीच देवळीची माहितीही आपल्या मुलांना असावी, असे मला एक शिक्षिका म्हणून वाटते. भैय्या चौकातल्या कोटणीस स्मारकात शाळांच्या सहली जातात. तिथे जाण्याआधी वर्गात हा तासही घेता येईल.

या स्पर्धांचे स्वरूपच असे झाले आहे, की विषय ‘बाजूने’ आणि ‘विरोधात’ अशा दोन खणांत मावलाच पाहिजे. कायदा, शेती, पाणीवाटप अशा विषयांत ते एक वेळ चालते, पण युद्धाचा विषय त्यात मावत नाही. आयोजकांना माझी सूचना अशी, की युद्धाशी संबंधित विषय ठेवताना वक्त्याला तिसरी भूमिका घेण्याची मुभा नियमांतच द्यावी, आणि परीक्षकांनी समारोपात वक्त्याच्या भूमिकेला दूषणे न देता मांडणीवर बोलावे. त्या विद्यार्थिनीला गुण किती मिळाले याच्याशी मला कर्तव्य नाही. भर सभेत तिच्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली याचे मला वाईट वाटते, आणि संबंधितांनी तिच्याशी एकदा बोलावे अशी माझी अपेक्षा आहे.

आपल्यालाही एक विनंती आहे. १९५३-५४ मध्ये कोरियात गेलेल्या भारतीय दलातले किंवा त्याआधी तिथे जखमींची शुश्रूषा करणाऱ्या आपल्या ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्समधले कोणी सोलापूर, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), विजापूर या भागांतले असतील, तर त्यांच्या घरी पत्रे, छायाचित्रे, निदान ऐकलेल्या आठवणी असतील. आपल्या रविवारच्या पुरवणीतून त्यासाठी वाचकांना आवाहन करावे. आलेले साहित्य वाचून, तारखा आणि ठिकाणे पडताळून देण्याचे काम मी विनामोबदला करीन. त्या विद्यार्थिनीची इच्छा असेल, तर या कामात तिला बरोबर घ्यायला मला आनंद वाटेल.

कळावे,
आपली एक वाचक,
निवृत्त इतिहास शिक्षिका, सात रस्ता, सोलापूर